आलेख एक, वाचणारे अनेक

२७ सप्टेंबर १९८८ची संध्याकाळ. लंडन ब्रिजला लागून, थेम्सच्या काठावर फिशमाँगर्स हॉल नावाची जुनी, भारदस्त इमारत आहे. शहरातल्या मासेविक्रेत्यांच्या शतकानुशतकं चालत आलेल्या संघाची. त्या रात्री तिथे रॉयल सोसायटीचं जेवण होतं आणि प्रमुख पाहुण्या होत्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर. दूरचित्रवाणीवाले येतील, त्यांच्या दिव्यांच्या झोतात भाषण नीट वाचता येईल, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. कोणीच आलं नाही. दालनात उजेड इतका कमी, की कागदावरची अक्षरं लागेनात. शेवटी टेबलांवरची शमादानं हातोहात पुढे सरकवण्यात आली आणि मेणबत्त्यांच्या उजेडात थॅचरबाईंनी भाषण वाचून काढलं. ही हकीकत पुढे त्यांनीच आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली आहे.

भाषणाचा बराच भाग विज्ञानाला सरकारने पैसा का आणि कसा द्यावा यावर होता. शेवटाकडे मात्र त्या हवेकडे वळल्या. वातावरणात साठत चाललेले हरितगृह वायू, ओझोनच्या थराला पडलेलं भोक आणि आम्लवर्षा असे तीन विषय त्यांनी घेतले. माणसाने नकळत साऱ्या पृथ्वीच्या यंत्रणेवरच एक अवाढव्य प्रयोग सुरू केला असावा, असं त्या म्हणाल्या. आणि एक आठवण सांगितली. आदल्या वर्षी व्हँकुव्हरला राष्ट्रकुल परिषद भरली होती. तिथे मालदीवच्या अध्यक्षांनी सगळ्यांच्या लक्षात आणून दिलं होतं, की त्यांच्या देशातली सर्वांत उंच जागा समुद्रापासून जेमतेम सहा फुटांवर आहे. त्या देशाची लोकसंख्या १ लाख ७७ हजार, हा आकडाही थॅचरबाईंनी दिला.

ऐकणाऱ्यांना आश्चर्य वाटलं ते साहजिक होतं. खाणकामगारांचा वर्षभर चाललेला संप याच बाईंनी मोडून काढला होता. सरकारी कंपन्या एकामागून एक खासगी हातांत दिल्या होत्या. पर्यावरण हा तेव्हा डाव्यांचा, हिरव्या पक्षांचा, खादीधारी म्हणावेत अशा साध्या राहणीच्या माणसांचा विषय समजला जाई. तो या बाईंच्या तोंडी कसा आला, आणि आला तसा पुढे टिकला का नाही, ही गोष्ट नीट सांगण्यासारखी आहे. कारण हवामानबदलाबद्दल बोलताना आपण नेहमी असं धरून चालतो, की पुढाऱ्यांना विज्ञान कळत नाही म्हणून ते हलत नाहीत. १९७७ ते १९९२ या पंधरा वर्षांचा इतिहास पाहिला तर ही समजूत टिकत नाही. आलेख सगळ्यांसमोर एकच होता. तो वाचणाऱ्याच्या मनात जगाचं जे चित्र आधीपासून तयार होतं, त्यावर त्याचा अर्थ ठरला.

तो आलेख कुठला, तेही सांगायला हवं. हवाई बेटांवर मौना लोआ नावाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या उतारावरच्या वेधशाळेत चार्ल्स डेव्हिड कीलिंग या शास्त्रज्ञाने मार्च १९५८पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड सातत्याने मोजायला घेतला. तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग होते. १९८८ साली ३५१ झाले. ही रेषा करवतीच्या दात्यांसारखी आहे. उत्तर गोलार्धातली झाडं उन्हाळ्यात पालवून वायू शोषून घेतात तेव्हा ती उतरते, पानं गळून कुजतात तेव्हा चढते, आणि दरवर्षी आदल्या वर्षीपेक्षा थोडी वर जाऊन थांबते. १९७९च्या जुलैत ज्यूल चार्नी यांच्या अध्यक्षतेखाली हवामानशास्त्रज्ञ अमेरिकेत वुड्स होलला एकत्र बसले आणि त्यांनी हिशोब मांडला, की या वायूचं प्रमाण दुप्पट झालं तर पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे ३ अंश सेल्सिअसने वाढेल. दीड अंश इकडे किंवा तिकडे. पुढच्या चाळीस वर्षांत हा अंदाज फारसा हललेला नाही. म्हणजे माहिती होती, आणि ती सत्तेच्या दारापर्यंत पोचलेलीही होती.

अमेरिकेत तर ती थेट अध्यक्षांच्या टेबलावर होती. जुलै १९७७मध्ये विज्ञान सल्लागार फ्रँक प्रेस यांनी जिमी कार्टर यांना एक टिपण पाठवलं. जाळलेल्या कोळशा-तेलातून निघणाऱ्या वायूमुळे हवामानात उत्पात होऊ शकतो, असा त्याचा आशय होता. ऊर्जेचा कारभार पाहणाऱ्या जेम्स श्लेसिंजर यांनी त्यावर शेरा मारला, की एवढ्यावरून धोरण ठरवणं घाईचं होईल. विषय तिथे थांबला.

कार्टर हे नौदलात अणुपाणबुड्यांच्या कामात घडलेले इंजिनिअर आणि रविवारी चर्चमध्ये बायबल शिकवणारे बाप्टिस्ट. उधळपट्टी त्यांना पाप वाटे. देशाला उद्देशून बोलताना ते लोकरीचा स्वेटर घालून बसले आणि घरातले हीटर कमी करा म्हणाले. २० जून १९७९ रोजी त्यांनी व्हाइट हाउसच्या छतावर पाणी तापवणारे ३२ सौर पॅनेल बसवून घेतले. हे चित्र आज फार प्रेमाने दाखवलं जातं. पण त्याच कार्टरनी त्याच काळात कोळशापासून कृत्रिम इंधन बनवण्यासाठी प्रचंड सरकारी योजना आखली, आणि कार्बनच्या दृष्टीने कोळशापासून केलेल्या तेलाइतकं वाईट इंधन क्वचितच असेल. मला यात विसंगती दिसत नाही. त्यांच्या मनातला प्रश्न हवेचा नव्हता. अरबस्तानातल्या तेलावरचं परावलंबन त्यांना बोचत होतं. सूर्य आपला, कोळसाही आपला. स्वावलंबन आणि काटकसर या चौकटीत दोन्ही गोष्टी बसत होत्या. कीलिंगची रेषा मात्र त्या चौकटीबाहेर राहिली.

रोनाल्ड रेगन आले ते नेमकं उलटं चित्र घेऊन. टंचाई ही सरकारने घातलेली भीती आहे, अमेरिकेच्या वाढीला सीमा नाही, हा त्यांचा विश्वास होता. १९८६ साली छताच्या दुरुस्तीच्या वेळी पॅनेल उतरवले गेले ते पुन्हा चढले नाहीत. तरीही याच रेगनच्या सरकारने १९८७च्या सप्टेंबरात ओझोनच्या थराचं रक्षण करणारा माँट्रिऑल करार घडवून आणण्यात पुढाकार घेतला. त्यांच्याच मंत्रिमंडळातले डोनाल्ड हॉडेल करारापेक्षा लोकांनी टोप्या आणि काळे चष्मे वापरावेत अशा मताचे असल्याचं वर्तमानपत्रांत आलं आणि बरीच टीका झाली. परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ कराराच्या बाजूने ठाम राहिले. अर्थसल्लागारांनी त्वचेच्या कर्करोगाने जाऊ शकणाऱ्या जिवांचा हिशोब केला आणि करार स्वस्त पडतो असं निघालं. रेगन यांच्या स्वतःच्या नाकावरून १९८५ साली त्वचेचा कर्करोग काढण्यात आला होता. धोका स्वतःच्या कातडीपर्यंत आलेला होता, पर्यायी रसायनं कारखान्यांच्या आवाक्यात होती आणि कोणाला आपली जगण्याची रीत बदलावी लागणार नव्हती. रेगनच्या जगात हा प्रश्न कुठे खुपत नव्हता.

आता थॅचरबाईंकडे परत येऊ. ग्रँथमच्या वाणसामानाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्या वाढल्या. वडील आल्फ्रेड रॉबर्ट्स किराणा विकत आणि मेथडिस्ट चर्चमध्ये प्रवचनं देत. ऑक्सफर्डला त्यांनी रसायनशास्त्र घेतलं. पुढे नोबेल मिळवणाऱ्या डोरोथी हॉजकिन त्यांच्या मार्गदर्शक होत्या, आणि ग्रॅमिसिडिन या प्रतिजैविकाच्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकून त्याची रचना शोधण्याच्या कामात मार्गारेटने हात घातला होता. नंतर काही वर्षं प्लॅस्टिक आणि खाद्यपदार्थांच्या कंपन्यांत नोकरी केली. त्यामुळे रेणू उष्णता कशी धरून ठेवतो हे त्यांना कोणी समजावून सांगावं लागत नव्हतं. पण केवळ रसायनशास्त्र येतं म्हणून कोणी असं भाषण करत नाही. दोन गोष्टी आणखी जुळून आल्या. एक म्हणजे सर क्रिस्पिन टिकेल. हा मुत्सद्दी परराष्ट्र खात्यातून रजा घेऊन हार्वर्डला गेला होता आणि १९७७ साली हवामानबदल आणि आंतरराष्ट्रीय राजकारण यांवर त्याने पुस्तक लिहिलं होतं. बाईंचा त्याच्यावर विश्वास होता. दुसरी गोष्ट अधिक खोल. ब्रायटनच्या पक्ष अधिवेशनात, रॉयल सोसायटीच्या भाषणानंतर जेमतेम अडीच आठवड्यांनी, त्यांनी ती स्वतःच उघड केली: कुठलीही पिढी या पृथ्वीची मालक नाही, आपल्याकडे फक्त भाडेपट्टा आहे, आणि घराची संपूर्ण दुरुस्ती करून देण्याची अट त्यात आहे.

हे दुकानदाराच्या मुलीचं बोलणं आहे. हिशोब चोख ठेवावा, उसनं वेळेवर फेडावं, दुसऱ्याची वस्तू वापरली तर धड परत करावी. परंपरा जपणाऱ्या माणसाला निसर्ग जपण्यासाठी क्रांतिकारक व्हावं लागत नाही; तो त्याच्याच मूल्यांतून तिथे पोचू शकतो, हे थॅचरबाईंनी दाखवून दिलं. आणि त्या नुसत्या बोलल्या नाहीत. एप्रिल १९८९मध्ये त्यांनी डाउनिंग स्ट्रीटवर मंत्र्यांना दिवसभर शास्त्रज्ञांसमोर बसवलं. २५ मे १९९० रोजी ब्रॅकनेल इथे हवामानाचा अंदाज बांधणाऱ्या हॅडली सेंटरचं उद्घाटन केलं, आणि इतर देशांनीही आपला वाटा उचलला तर ब्रिटनचं उत्सर्जन २००५पर्यंत १९९०च्या पातळीवर आणण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. त्याच सुमारास विंडसरला आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या पहिल्या अहवालाचं विज्ञानविषयक काम सर जॉन हाउटन यांच्या हाताखाली पूर्ण झालं.

तरी गौरवाच्या भरात एक गोष्ट नजरेआड होऊ नये. मे १९८९मध्ये त्यांच्याच सरकारने देशभर रस्ते वाढवण्याची भलीमोठी योजना मांडली. मोटारींवर उभी असलेली अर्थव्यवस्था त्यांना प्रिय होती. भाडेकरू दुरुस्ती करायला तयार होता, पण राहण्याची पद्धत बदलायला नव्हे.

त्याच १९८८च्या उन्हाळ्यात अटलांटिकच्या पलीकडे दुष्काळाने अमेरिकेची मक्याची शेतं करपवली होती. २३ जून रोजी, वॉशिंग्टनमध्ये पारा ३७ अंशांच्या आसपास असताना, नासाचे जेम्स हॅन्सन यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली की पृथ्वी तापते आहे हे आपण ९९ टक्के खात्रीने सांगू शकतो. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या पानावरची बातमी होती. निवडणूक तोंडावर होती. ३१ ऑगस्टला मिशिगनमध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार थोरले जॉर्ज बुश यांनी सभेत सांगितलं, की हरितगृह परिणामापुढे आपण हतबल आहोत असं वाटणारे लोक व्हाइट हाउसचा परिणाम विसरतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बुश निवडून आले, आणि व्हाइट हाउसच्या कारभाराची सूत्रं न्यू हॅम्पशरचे माजी गव्हर्नर जॉन सुनुनू यांच्याकडे गेली.

सुनुनूंना अडाणी म्हणता येणार नाही. यांत्रिकी अभियांत्रिकीत एमआयटीची डॉक्टरेट, विद्यापीठात अध्यापन, गणितात तरबेज. हवामानाचं एक साधं मॉडेल त्यांनी आपल्या कार्यालयातल्या संगणकावर मागवून घेतलं होतं आणि शास्त्रज्ञांना ते समुद्र, ढग, त्रुटी यांवरून उलटसुलट विचारत. थॅचर आणि सुनुनू हे दोघेही विज्ञान शिकलेले, दोघेही उजव्या विचाराचे, बाजारावर दोघांचाही विश्वास. निष्कर्ष मात्र दोन टोकांचे. याचं कारण १९७२ सालात सापडतं. त्या वर्षी क्लब ऑफ रोम नावाच्या गटाने वाढीला मर्यादा आहेत असं संगणकाच्या आधारे सांगणारा अहवाल छापला. त्याआधी चार वर्षं पॉल एर्लिक यांनी लोकसंख्येच्या स्फोटाने कोट्यवधी लोक उपाशी मरतील असं भाकीत केलं होतं. ते तसं घडलं नाही. सुनुनूंच्या मनावर याचा पक्का ठसा होता: वाढ थांबवू पाहणारी एक मंडळी आहे, ती दर काही वर्षांनी नवं निमित्त शोधते, आणि संगणकाचं मॉडेल हे त्यांचं हत्यार आहे. हरितगृह परिणाम त्यांना त्या मालिकेतला पुढचा अंक वाटला. एकदा हे गृहीत धरलं, की मॉडेलमधली प्रत्येक अनिश्चितता हा त्या संशयाचा पुरावा ठरते. प्रामाणिक अभियंत्याचं चिकित्सक मन आणि राजकारण्याचा संशय एकाच डोक्यात असले, तर त्यांतलं कोण बोलतंय हे त्या माणसालाही कळत नसावं.

मे १९८९मध्ये हॅन्सन यांची काँग्रेसपुढची लेखी साक्ष अध्यक्षांच्या अर्थसंकल्प कार्यालयाने बदलून त्यात शंकेची वाक्यं घातल्याचं उघड झालं. बुश यांचा स्वतःचा कल कुठेच ठाम नव्हता. पर्यावरण संस्थेचे प्रमुख विल्यम रायली करार व्हावा म्हणत, सुनुनू नको म्हणत. अध्यक्षाकडे स्वतःचं जगाचं चित्र नसलं की ज्याचं चित्र सर्वांत पक्कं, तो जिंकतो.

नोव्हेंबर १९८९च्या पहिल्या आठवड्यात हॉलंडच्या किनाऱ्यावर नोर्डवाइक या गावी साठाहून अधिक देशांचे मंत्री जमले. सुमारे पाव भाग समुद्रसपाटीखाली असलेल्या देशाला ही बैठक आपल्या घरी घ्यावीशी वाटली, यात नवल नाही. डच पर्यावरणमंत्री एड नाइपेल्स यांचा प्रस्ताव साधा होता: औद्योगिक देशांनी आपलं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन २०००पर्यंत गोठवावं. बहुतेक युरोपीय देश तयार होते. अमेरिका नाही म्हणाली. जपान आणि सोव्हिएत संघही नाही म्हणाले. आणि ब्रिटननेही नकार दिला. विज्ञानाचा अहवाल आल्याशिवाय आकडा बांधून घ्यायचा नाही, ही थॅचर सरकारची भूमिका होती. शेवटी मसुद्यात ‘अनेक औद्योगिक देशांच्या मते’ असा मोघम शब्दप्रयोग आला आणि आकडा कोणाच्याही गळ्यात पडला नाही.

परिषद ७ तारखेला संपली. ८ तारखेला थॅचरबाई न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे उभ्या राहिल्या आणि संपूर्ण भाषण त्यांनी पृथ्वीच्या वातावरणावर केलं. अंटार्क्टिकच्या समुद्रातल्या जहाजावरून एका ब्रिटिश शास्त्रज्ञाने बर्फ पातळ होत असल्याबद्दल लिहिलेल्या पत्राचा त्यांनी उल्लेख केला आणि जागतिक करार हवा असं आग्रहाने सांगितलं. ९ तारखेच्या रात्री बर्लिनची भिंत कोसळायला लागली आणि जगाचं सगळं लक्ष तिकडे गेलं.

त्याच महिन्यात मालदीवच्या राजधानीत, मालेमध्ये, आणखी एक परिषद भरली, तिची बातमी फार थोड्या ठिकाणी छापून आली. मालदीवचे अध्यक्ष मौमून अब्दुल गयूम हे कैरोच्या अल अझहरमध्ये इस्लामी कायदा शिकलेले. १९८७च्या एप्रिलमध्ये दूर समुद्रात उठलेल्या लाटा मालेवर आदळल्या, भराव टाकून मिळवलेली जमीन वाहून गेली, रस्त्यांवर पाणी आलं. त्या वर्षी ऑक्टोबरात गयूम व्हँकुव्हरला बोलले, लगेच आमसभेत बोलले, आणि दोन वर्षांनी त्यांनी लहान बेटांच्या देशांना मालेत बोलावलं. आज मालेभोवती जपानच्या मदतीने उभारलेला टेट्रापॉडांचा बंधारा आहे. मरीन ड्राइव्हवर बसलेल्या माणसाला त्या काँक्रीटच्या चौपायांचा आकार ओळखीचा वाटेल. गयूम यांच्या भाषणांत सिद्धान्त फारसे नसत. माझा देश नाहीसा होईल, आणि यात माझ्या लोकांचा दोष नाही, एवढंच ते सांगत. उत्सर्जनात ज्यांचा वाटा जवळजवळ शून्य त्यांच्या शब्दाला वजनही शून्य, ही त्या काळाची मला सर्वांत जाचणारी गोष्ट वाटते.

भारताचं चित्र आणखी निराळं होतं आणि तेही १९७२मध्येच तयार झालं. १४ जून १९७२ रोजी स्टॉकहोमच्या पहिल्या जागतिक पर्यावरण परिषदेत इंदिरा गांधी बोलल्या. यजमान स्वीडनच्या पंतप्रधानांखेरीज तिथे हजर असलेल्या त्या एकट्याच पंतप्रधान होत्या. दारिद्र्य आणि गरज हेच सर्वांत मोठे प्रदूषक नाहीत का, असा त्यांचा सवाल होता. त्या वेळी महाराष्ट्रात काय चाललं होतं ते आपल्या आधीच्या पिढीला सांगावं लागत नाही. बहात्तरचा दुष्काळ. पाऊस दगा देत होता, लाखो माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर जात होती, ताटात अमेरिकेहून आलेला लाल मिलो होता. अशा देशाच्या पंतप्रधानाने कारखान्याच्या धुराआधी उपाशी पोटाचं बोलावं, हे योग्यच होतं.

वीस वर्षांनी तोच धागा अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी अधिक धारदार केला. वॉशिंग्टनच्या एका संस्थेने १९९० साली देशादेशांच्या उत्सर्जनाची यादी काढली, तीत भारत आणि चीन वरच्या नंबरांत होते, कारण भातशेती आणि गुराढोरांचा मिथेनही हिशोबात धरला होता. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटच्या या दोघांनी १९९१च्या पुस्तिकेत विचारलं, की जगण्यासाठी केलेलं उत्सर्जन आणि चैनीसाठी केलेलं उत्सर्जन एकाच तागडीत कसं तोलता? बंगाल-आंध्रच्या शेतकऱ्याचा भात आणि अमेरिकन कुटुंबाची दुसरी मोटार सारखीच कशी?

आणि इथे भारताने एक उत्तम गोष्ट केली. अमेरिकन अंदाजानुसार आपल्या भातखाचरांतून वर्षाला जवळजवळ ३ कोटी ८० लाख टन मिथेन निघत होता. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने १९९१मध्ये शास्त्रज्ञ देशभरच्या खाचरांत उतरले. पाण्यात उभ्या रोपांवर पारदर्शक पेट्या पालथ्या घालायच्या, आत साठलेल्या हवेचे नमुने ठरावीक वेळाने सुईने ओढून घ्यायचे, प्रयोगशाळेत तपासायचे. चिखलात, डासांत, उन्हात. उत्तर आलं सुमारे ४० लाख टन. परक्या अंदाजाच्या एक नवमांशाच्या आसपास. नुसता निषेध करून हे साधलं नसतं. आपली बाजू न्यायाची आहे असं वाटत असेल तर मोजमापही आपलं हवं, हे मित्रांना कळलं होतं.

हवामानाचा जागतिक करार लिहिण्याचं काम फेब्रुवारी १९९१मध्ये सुरू झालं. भारताच्या शिष्टमंडळाचं नेतृत्व मुत्सद्दी चंद्रशेखर दासगुप्ता यांच्याकडे होतं. जबाबदारी सगळ्यांची, पण ज्याच्या त्याच्या वाट्याची वेगळी, हे तत्त्व करारात पक्कं रुजण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. मला त्या यशाचा अभिमान वाटतो. सोबत एक खंतही आहे. अगरवाल-नारायण यांचा युक्तिवाद दोन्हीकडे धार असलेला होता: देशादेशांतली विषमता जशी अन्यायाची, तशी देशातलीही. दक्षिण मुंबईतल्या वातानुकूलित घराचं उत्सर्जन आणि धुळ्यातल्या चुलीचं उत्सर्जन सरासरीत मिसळून टाकता येत नाही. आपल्या राज्यकर्त्यांनी परदेशात दाखवण्याजोगी बाजू उचलली. घरात दाखवायची बाजू बहुतेक वेळा फाइलीतच राहिली.

तिकडे अमेरिकेत सुनुनू डिसेंबर १९९१मध्ये, सरकारी विमानांच्या खासगी वापराचा गवगवा होऊन, पायउतार झाले होते. माणूस गेला तरी त्याने आखलेली रेघ राहिली. युरोपला आकडा हवा होता. आकडा असेल तर करारावर सह्या व्हायच्या त्या जूनमधल्या रिओ परिषदेला बुश येणार नाहीत, असं अमेरिकेने सुचवलं. ९ मे १९९२ रोजी न्यूयॉर्कमध्ये करार मंजूर झाला तेव्हा त्यात १९९०च्या पातळीचा उल्लेख अशा वळणदार भाषेत होता, की त्यातून कोणावर काहीच बंधन येत नव्हतं. युरोपीय समुदायाचे पर्यावरण आयुक्त कार्लो रिपा दी मेआना निषेध म्हणून रिओला गेलेच नाहीत. जूनमध्ये बुश गेले, सही करून आले. रायली तिथेही एकाकी पडले. जैवविविधतेच्या करारावर सही करता यावी म्हणून त्यांनी पाठवलेलं गोपनीय टिपण वॉशिंग्टनमधून फुटलं आणि वर्तमानपत्रांत छापून आलं.

थॅचरबाई तोपर्यंत सत्तेबाहेर होत्या. ६ नोव्हेंबर १९९० रोजी जिनिव्हाच्या जागतिक हवामान परिषदेत त्यांनी पुन्हा जोरकस भाषण केलं होतं; २२ तारखेला पक्षातल्या बंडापुढे त्यांनी राजीनामा जाहीर केला. गोष्ट इथेच थांबली असती तर उजव्या राजकारणातली एक दूरदृष्टीची नेता म्हणून त्यांचं या विषयातलं स्थान निर्विवाद राहिलं असतं. पण २००२ साली त्यांचं ‘स्टेटक्राफ्ट’ हे पुस्तक आलं. त्यात हवामानबदलाच्या भाकितांची त्यांनी खिल्ली उडवली, हा विषय जगभर समाजवाद आणण्याचं निमित्त बनला आहे असं लिहिलं आणि क्योटो करार झिडकारणाऱ्या धाकट्या बुशचं समर्थन केलं.

मधल्या काळात विज्ञान मागे गेलेलं नव्हतं. २००१च्या आंतरराष्ट्रीय अहवालाने गेल्या ५० वर्षांतली बहुतेक तापमानवाढ माणसाने सोडलेल्या वायूंमुळे झाली असावी असं आधीपेक्षा ठामपणे म्हटलं होतं, आणि थॅचरबाईंनीच उघडलेलं हॅडली सेंटर त्या कामात अग्रभागी होतं. बदल झाला होता तो विषय कोणाच्या हाती आहे यात. सोव्हिएत संघ गेला, शीतयुद्धाचा शत्रू गेला, आणि संयुक्त राष्ट्रं, ब्रसेल्स, अल गोर यांच्या तोंडी हा विषय गेला. १९८८च्या सप्टेंबरात थॅचरबाईंनी एका आठवड्याच्या अंतराने दोन भाषणं केली होती. २० तारखेला बेल्जियममधल्या ब्रूजमध्ये त्यांनी युरोपच्या महाराज्याला कडाडून विरोध केला: आम्ही ब्रिटनमध्ये सरकारचा पसारा मागे सारला तो ब्रसेल्सने पुन्हा आमच्यावर लादावा म्हणून नव्हे. २७ तारखेला लंडनमध्ये त्यांनी ज्या संकटाची ओळख करून दिली, त्यावर अनेक देशांनी मिळून स्वीकारलेल्या बंधनाखेरीज उपाय नव्हता. दोन्ही भाषणं मनापासूनची होती. काही वर्षं ती एकाच मनात शेजारी शेजारी नांदली. मग त्यांना एकाची निवड करावी लागली, आणि त्यांनी ब्रूजची निवड केली. वाढ थांबवू पाहणाऱ्यांचा हा डाव आहे, हा जो संशय घेऊन सुनुनू १९८९मध्ये व्हाइट हाउसमध्ये शिरले होते, त्याच संशयाशी थॅचरबाई तेरा वर्षांनी येऊन पोचल्या. रेणूंचं गणित तेवढं दोघांनाही शेवटपर्यंत नीट येत होतं.